अमुक बिन तमुक

आपल्याकडील जुन्या महजरांत आणि वतनपत्रांत माणसाची ओळख ‘अमुक बिन तमुक’ अशी नोंदविलेली असे. अरबी-फार्सीतून दप्तरात शिरलेला हा ‘बिन’ म्हणजे पुत्र. इंदापूरच्या रणांगणी देह ठेवणारे मालोजी बिन बाबाजी, त्यांच्यामागून शहाजी बिन मालोजी, अशी ती साखळी चालते. परंतु हाच ‘बिन’ आपल्या बोलीत ‘बिनशर्त’, ‘बिनचूक’ असा शब्दाला जोडला, की त्याचा अर्थ ‘वाचून’ असा होतो. दोन शब्दांची कुळे निराळी असल्याने हा निव्वळ योगायोग होय. तथापि चित्रकथांतील पितापुत्रांची चित्रे पाहत असता तो मला वारंवार आठवतो, कारण तेथील नायक कोणाचा तरी पुत्र म्हणून ओळखला जातो आणि बहुधा पित्यावाचूनच वाढलेला असतो.

मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने इंद्रजाल कॉमिक्स ही माला सुरू केली आणि मराठी आवृत्तीतून ‘वेताळ’ आपल्या घरी आला. ली फॉक यांनी १९३६ साली अमेरिकेत निर्माण केलेल्या ‘फँटम’चे हे मराठी बारसे मोठे मार्मिक म्हटले पाहिजे, कारण शिवेवर शेंदूर लेवून बसलेला आणि रात्री गावाची राखण करणारा वेताळ येथल्या मुलाला नवा नव्हता. या मालेच्या पहिल्याच अंकात नायक आपल्या वडिलांच्या मारेकऱ्याचा माग काढतो आणि त्यांचा हरवलेला पट्टा परत मिळवितो. मूळ पुरुषाची कथाही तशीच : १५३६ साली चाच्यांनी पित्यास ठार केल्यावर वाचलेल्या पुत्राने त्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि पुढे प्रत्येक पुत्राने तीच शपथ घेऊन तोच पोशाख चढविला. आपला नायक या परंपरेतील एकविसावा. जंगलातील लोक मात्र चारशे वर्षे एकच अमर पुरुष वावरतो आहे असे समजतात.

ही सरळसरळ वतनदारी आहे. वतनात मनुष्य जातो, पद राहते. पित्याचे निधन ही नव्या नोंदीची वेळ असते, आणि पुत्राला हे काम हवे आहे काय, असे कोणी पुसत नाही. मौजेची गोष्ट अशी, की महाराष्ट्रात मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी हा वतनदार वेताळ छापून आला. ज्या वाड्यांतून पाटिलकी नुकतीच उठली होती, त्याच वाड्यांतील एखादे पोर बारामतीच्या बाजारातून आणलेल्या अंकात अखंड चाललेली पाटिलकी वाचीत बसले असेल, तर त्यात नवल ते काय? चित्रकाराची युक्ती तर याहून सूक्ष्म आहे. वेताळाच्या मुखवट्याआड बुबुळे कधी दाखवीत नाहीत. त्यामुळे आजा, बाप आणि नातू यांचे चेहरे एकसारखेच दिसतात. वारसा माणसाचे वेगळेपण कसे झाकून टाकतो, हे सांगावयास लेखकाला पानभर मजकूर लागला असता. येथे दोन कोरे डोळे पुरतात.

याच मालेत १९७६ च्या अखेरीस आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला ‘बहादूर’ अवतरला. त्याचा पिता चंबळच्या टापूतील दरोडेखोर होता. तो पोलिसांच्या गोळीने मेला, आणि ज्या अधिकाऱ्याच्या हातून तो मेला त्यानेच पोरक्या मुलास वाढविले. वेताळाच्या न्यायाने पाहिले तर सूड हीच या मुलाची मिरास. परंतु पित्याने काय केले होते हे उमजल्यावर तो ती मिरास नाकारतो आणि ग्रामरक्षणासाठी नागरिकांचे दल उभारतो. जन्मदाता आणि पालनकर्ता यांतून पिता कोणास म्हणावे, हा कर्णाच्या कथेइतका जुना प्रश्न चार-आठ आण्यांच्या नव्हे, पण खिशाला परवडणाऱ्या रंगीत अंकातून मुलांपुढे आला, ही सामान्य गोष्ट नव्हे.

अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या अमर चित्र कथेने पुराणांतील आणि इतिहासातील कुटुंबे चौकटींत बसविली. या कलेचे अर्धे सामर्थ्य दोन चौकटींमधील कोऱ्या पट्टीत असते. मोरगावच्या मोरेश्वराला जाणाऱ्या प्रत्येक मुलास ठाऊक असलेली गणेशजन्माची कथाच घ्या : एका चौकटीत दारावर उभा बालक आणि समोर उगारलेला त्रिशूल, पुढच्या चौकटीत आक्रोश करणारी पार्वती. मधला घाव चित्रकाराने घातलाच नाही तरी चालते. तो वाचकाच्या मनात पडतो. पित्याने पुत्रास ओळखले नाही, हे दुःख त्या बोटभर कोऱ्या जागेत मावते.

इतिहासातील पिता मात्र इतक्या सहजी चौकटीत मावत नाही. आजच्या बारामती तालुक्यातील सुपे हे शहाजीराजांच्या जहागिरीतले ठाणे, आणि तेथील कारभार राजांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाई यांचे बंधू संभाजी मोहिते यांच्याकडे होता. सभासदाच्या बखरीनुसार शिवाजीराजे शिमग्याची पोस्त, म्हणजे सणाची बक्षिसी, मागावयास म्हणून या सावत्र मामाकडे गेले, आणि त्यांस कैद केले. पुढे त्यांची रवानगी शहाजीराजांकडेच झाली, असे सांगतात. पित्याचे ठाणे घ्यावयाचे, पण पित्याचा माणूस पित्याकडे जिवंत पोहोचवावयाचा, अशी ही अवघड मर्यादा आहे. शिवचरित्रावरील चित्रकथांत जिजाबाईंच्या मांडीशी बसलेला बाल शिवाजी जितका ठसठशीत उमटतो, तितके दूर कर्नाटकात असलेले शहाजीराजे उमटत नाहीत. परंतु सुप्याच्या त्या प्रसंगात, समोर नसतानाही, पुत्राच्या प्रत्येक निर्णयामागे ते उभे आहेत.

या सर्व थोर, दूरस्थ आणि दिवंगत पित्यांनंतर २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ प्रसिद्ध होऊ लागला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या या मुलाचे वडील राजे नाहीत, दरोडेखोर नाहीत. ते संध्याकाळी घरी असतात, मुलाला रागावतात, आणि त्याच्या एखाद्या तिरकस उत्तराने निरुत्तरही होतात. बाप निरुत्तर होऊ शकतो, आणि त्याने घराचे काही बिघडत नाही, हा शोध ज्या घरांत वडिलांपुढे मुलाने बोलावयाचेच नाही असा दंडक होता, तेथे लहान म्हणता येणार नाही. वेताळाच्या घरी परंपरा चालावी म्हणून पित्यास मरावे लागते. चिंटू मात्र वर्षानुवर्षे तेवढाच राहतो, म्हणून त्याचे वडीलही म्हातारे होत नाहीत. त्याला कसला वारसा चालवावयाचा नाही, फक्त उद्याच्या अंकात पुन्हा खोडी करावयाची आहे.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात शासनाने वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लावावयाचे ठरविले, आणि दप्तरातील जुन्या साखळीत एक कडी वाढली. पण बाप घरी असला काय आणि नसला काय, हे दप्तरातील ‘बिन’ला कधीच कळत नसे, ते सांगावयास चिंटूच्या वडिलांसारखा, चौकटीच्या आत बसलेला आणि मुलाकडून हरलेला बाप काढावा लागला.