तंबाखूच्या मुलखात मूल हवंय तर…

काकतीहून महामार्गाने निपाणीकडे जाणारा पट्टा तंबाखूवर पोसलेला आहे. निपाणीच्या वखारी, विड्या वळणाऱ्या बायका, १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन, यांच्याशिवाय इथला इतिहास सांगताच येत नाही. अशा भागात लग्नाला दोन वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, की दवाखान्याची पायरी आधी सून चढते. नवऱ्याच्या खिशातल्या पुडीकडे कुणी पाहत नाही. खरं तर मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा बाईकडच्या कारणासोबत, असतंच.

मुंबईत वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या, तंबाखू चघळणाऱ्या ६३८ पुरुषांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. दिवसातून जितक्या जास्त वेळा तंबाखू, तितकी शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि ठेवण खालावलेली, असं त्यात दिसलं. एवढ्या एका पाहणीवरून तंबाखू हेच कारण असं सिद्ध होत नाही, हे मान्य. पण मात्रेबरोबर वाढत जाणारं नुकसान हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा पुरावा नाही. आणि धूम्रपानाबद्दलचे असंख्य अभ्यास त्याच दिशेला बोट दाखवतात.

‘आमच्या आजोबांनी जन्मभर तंबाखू खाल्ली, तरी आठ मुलं झाली,’ हा यावरचा ठरलेला आक्षेप. तंबाखूने मूल होणं थांबतंच असं नाही, त्याची शक्यता घटते. कोवळ्या वयात लग्न झालेल्या आजीआजोबांकडे ती घट भरून काढायला वीस वर्षं होती. आज तिशीनंतर मूल हवं म्हणणाऱ्यांकडे तेवढा वेळ नाही, कारण पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत झपाट्याने उतरते. धूम्रपान करणाऱ्या बायकांची पाळीही लवकर जाते. विड्या वळणाऱ्या बाईच्या अंगात तर निकोटीन कातडीतून आणि श्वासातून शिरतं. तिला ‘सवय सोड’ म्हणणं अन्यायाचं आहे. ती तिची सवय नाही, पोट आहे.

क्षयामुळे बंद झालेल्या गर्भनलिका तंबाखू सोडल्याने उघडत नाहीत, हेही खरं. म्हणून प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर वर्षभरात, आणि बायको पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांतच, डॉक्टरांकडे जावं. पण दोघांनी. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला साधारण तीन महिने लागतात, त्यामुळे आज पुडी सुटली तर फरक पुढच्या तपासणीत दिसू शकतो. वीर्यतपासणी स्वस्त आहे, त्यात चिरफाड नाही. बायकोच्या दुर्बिणीच्या तपासणीआधी ती व्हायलाच हवी.