प्रेम, काळ आणि इंग्रजी सुनीत



कामगार चळवळीत हयात घालवलेल्या माणसाने इंग्रजी प्रेमकवितेवर बोलावे, ह्याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. मी इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक नव्हे. माझे इंग्रजी तयार झाले ते करारनामे, कायद्याची कलमे आणि न्यायालयांचे निवाडे वाचता वाचता. आणि शेक्सपिअरपर्यंत मी पोचलो तो युनियनच्या कचेरीत, काम आटोपल्यावर, शब्दकोश शेजारी ठेवून. तरीही ह्या सुनीतांशी माझी गट्टी चटकन जमली. त्याला कारण आहे. आमचा सारा व्यवहार तासांचा. कामाचे तास किती, जादा तासांचा दर काय, जेवणाच्या सुटीची मिनिटे कोणाच्या खात्यावर टाकावयाची, ह्यावर आम्ही महिनोन् महिने वाद घालतो. सुनीते उघडून पाहतो तो तेथेही तास, मुदत, कर्ज, व्याज, हिशेब हीच भाषा! फरक एवढाच की आमच्यासमोर मालक बसलेला असतो आणि ह्या कवींसमोर साक्षात काळ उभा असतो.

ह्या कवींनी काळाशी जो वाद घातला त्याची हकीगत आज मला आपणांस सांगावयाची आहे. हा वाद ते जिंकले असे सामान्यतः समजले जाते. माझे मत थोडे निराळे आहे. जिंकल्याचा दावा त्यांनी मोठ्या आवाजात केला हे खरे. परंतु त्यांची सर्वांत चांगली सुनीते तो दावा सोडून दिल्यावर लिहिली गेली आहेत.

प्रथम सुनीत म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. सुनीत म्हणजे चौदा ओळींची कविता. तिचा जन्म तेराव्या शतकात सिसिलीत झाला आणि चौदाव्या शतकात पेट्रार्क ह्या इटालियन कवीने तिला कीर्ती मिळवून दिली. पेट्रार्कने आपल्या लॉराला प्रथम पाहिले ते ६ एप्रिल १३२७ रोजी आणि ती वारली ६ एप्रिल १३४८ रोजी, अशी नोंद त्याने स्वतःच करून ठेवली आहे. प्रेमाच्या तारखा टिपून ठेवण्याची ही सवय सुनीताला जन्मापासूनच लागलेली दिसते. सोळाव्या शतकात वायट आणि सरे ह्या दोघा दरबारी कवींनी हा प्रकार इंग्रजीत आणला. आपल्याकडे तो केशवसुतांनी आणला आणि त्याला चतुर्दशक असे नाव दिले.

इटालियन घडणीत पहिल्या आठ ओळींचे अष्टक आणि नंतरच्या सहा ओळींचे षट्क असते, आणि त्या दोहोंच्या सांध्यावर विचार वळण घेतो. इंग्रजांनी निराळी मांडणी केली. चार-चार ओळींची तीन कडवी आणि शेवटी यमकाने बांधलेली दोन ओळींची जोडी. मला ही मांडणी आमच्या सभेसारखी वाटते. तीन वक्ते एकामागून एक उठतात, तोच प्रश्न तीन बाजूंनी मांडतात, आणि शेवटी दोन ओळींचा ठराव येतो. कधी ठराव भाषणांना धरून असतो, कधी भाषणे एकीकडे आणि ठराव भलतीकडेच! शेक्सपिअरच्या सुनीतांत दुसरा प्रकारही पुष्कळदा घडतो, आणि तेथेच खरी गंमत असते.

आता त्या काळच्या इंग्लंडकडे पाहू. शेक्सपिअर १५६४ साली जन्मला. त्याच्या आदल्याच वर्षी, १५६३ मध्ये, पार्लमेंटने कारागीर आणि मजूर ह्यांच्याविषयी एक कायदा केला होता. मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मजुराने पहाटे पाच वाजता किंवा त्याआधी कामावर यावे. संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान सुटावे. खाणेपिणे आणि विश्रांती मिळून फार तर अडीच तास घ्यावे. आणि गैरहजेरीच्या दर तासाला एक पेनी कापली जावी. तासाला किंमत लागलेली होती आणि ती कायद्याच्या पुस्तकात छापलेली होती. चर्चच्या मनोऱ्यांवरील घड्याळांचे ठोके साऱ्या गावाला ऐकू जात. बहुतेक घड्याळांना तासकाटा तेवढा असे. मिनिटकाटा सर्रास आला तो पुढे, १६५६ मध्ये हायगेन्स ह्या डच शास्त्रज्ञाने लंबकाचे घड्याळ बनवल्यानंतर. अशा जगात वाढलेल्या कवीला काळ हा केवळ तत्त्वज्ञानाचा विषय वाटला नाही, हिशेबाचा वाटला, ह्यात आश्चर्य कसले?

शेक्सपिअरची सुनीते १६०९ साली पुस्तकरूपाने निघाली. ती एकंदर १५४. त्यांतील पहिली १२६ मुख्यतः एका देखण्या तरुणाला उद्देशून आहेत असे मानण्यात येते. नंतरची बहुतेक एका सावळ्या स्त्रीविषयी आहेत. बाराव्या सुनीताची सुरुवात घड्याळाचे ठोके मोजण्याने होते आणि साठाव्यात मिनिटांचा उल्लेख येतो. बारा तास आणि साठ मिनिटे! हा मेळ योगायोगाचा नसावा, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते.

ह्या तरुणाचे सौंदर्य काळ हिरावून नेणार, ही कवीची चिंता. तिच्यावर त्याने सुचवलेला पहिला उपाय अगदी संसारी आहे. पहिल्या सतरा सुनीतांत तो सांगतो की लग्न कर, मूल होऊ दे, म्हणजे तुझे रूप त्या मुलात राहील. येथे तो चक्क व्याजाची भाषा वापरतो. १५७१ च्या कायद्याने इंग्लंडात शेकडा दहापर्यंतच्या व्याजाला मोकळीक मिळाली होती, त्यावरील व्याज निषिद्ध होते. सहाव्या सुनीतात कवी हाच दहाचा आकडा उचलतो आणि म्हणतो की रूपाच्या भांडवलावर संततीचे व्याज घेणे ही काही निषिद्ध सावकारी नव्हे. खुद्द शेक्सपिअरच्या वडिलांवर १५७० साली बेकायदा व्याज घेतल्याबद्दल खटला झाला होता. तेव्हा हे शब्द कवीने घरातच ऐकले असले पाहिजेत.

परंतु हा उपाय पुरत नाही. मूल होईल न होईल. आणि झाले तरी ते तूच असशील असे थोडेच? मग दुसरा उपाय येतो, तो शाईचा. अठराव्या आणि पंचावन्नाव्या सुनीतांत कवी सांगतो की संगमरवरी स्मारके ढासळतील, परंतु ह्या ओळी राहतील, आणि ओळी आहेत तोवर तू राहशील. ह्या दाव्याची मोठी वाहवा झाली आहे. पण चारशेहून अधिक वर्षांनी आपण त्याचा हिशेब तपासू या. ज्याला अमर करावयाचे होते त्या तरुणाचे नाव काय? ते कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत डब्ल्यू. एच. ही आद्याक्षरे तेवढी आहेत, आणि ती कोणाची ह्यावर आजही वाद चालू आहे. त्याचे नाक-डोळे कसे होते हेही आपल्याला कळत नाही. शाईने त्या तरुणाला वाचवले नाही. तिने वाचवली ती त्याच्यावर प्रेम करणाऱ्याची तळमळ.

ह्या तळमळीचे सर्वांत उघडे रूप सत्तावन्नाव्या सुनीतात आहे, आणि कामगाराच्या कानाला ते फार लवकर कळते. येथे कवी स्वतःला प्रियकराचा गुलाम म्हणवतो. धनी बोलावील तेव्हा हजर व्हावयाचे. मधल्या वेळात घड्याळाकडे पाहत बसावयाचे. धनी कोठे गेला असेल, कोणाबरोबर असेल, हे विचारण्याचीही सोय नाही. आणि एवढे असून तक्रार करावयाची नाही. वरवर ही भक्ती आहे, परंतु प्रत्येक ओळीच्या तळाशी राग धुमसतो आहे. ज्याचा वेळ दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याचे प्रेमही मिंधे होते. हे शेक्सपिअरने स्वच्छ पाहिले होते.

ह्यानंतर त्र्याहत्तरावे सुनीत वाचावे. ह्यात जिंकण्याचा दावा नाही. कवी आपल्या उतरत्या वयाची तीन चित्रे काढतो: पाने गळालेले झाड, सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाश, आणि स्वतःच्याच राखेवर विझत चाललेला विस्तव. मोजमाप कसे आखडत जाते ते पाहा. पहिल्या चित्रात वर्ष संपत आले आहे, दुसऱ्यात दिवस, तिसऱ्यात काही घटकाच उरल्या आहेत. आणि ठराव काय? हे तुला दिसते म्हणूनच तुझे प्रेम अधिक बळकट होते, कारण जे लवकर सोडावे लागणार त्याच्यावर माणूस जास्त जीव लावतो. काळ हा आतापर्यंत प्रेमाचा शत्रू होता. येथे मुदतच प्रेमाला वजन आणून देते.

एकशे सोळावे सुनीत तर इंग्लंडात आजही लग्नसमारंभांत वाचले जाते. त्याची सुरुवात लग्नविधीतील एका प्रश्नावरून घेतलेली आहे. चर्चमध्ये पुरोहित जमलेल्यांना विचारतो की ह्या विवाहाला कोणाची काही हरकत आहे काय? कवी म्हणतो की खऱ्या मनांच्या मिलनाला मी हरकत घेणार नाही. ओठ आणि गाल काळाच्या विळ्याखाली जाणार, हे तो नाकारीत नाही. त्याचे म्हणणे इतकेच की प्रेम काळाचे चाकर नव्हे.

आणि १२६ वे? त्या तरुणाला उद्देशून लिहिलेले हे शेवटचे सुनीत. ते सुनीतच नव्हे. त्यात बाराच ओळी आहेत. निसर्गाने तुला आजवर काळापासून लपवून ठेवले, पण शेवटी त्यालाही हिशेब द्यावा लागेल, आणि तुला काळाच्या हवाली केल्यावाचून त्याला फारखत मिळणार नाही, असा त्याचा आशय. १६०९ च्या पुस्तकात ह्या बारा ओळींच्या खाली दोन रिकामे कंस छापले आहेत. ते कवीचे की छापणाऱ्याचे हा वाद अभ्यासकांवर सोडू. मला ते ताळेबंदात कोऱ्या राहिलेल्या रकान्यांसारखे दिसतात. जेथे ठराव यावयाचा तेथे काहीच नाही.

शेक्सपिअरच्या थोडा आधी, १५९५ साली, स्पेन्सरची 'अमोरेत्ती' ही सुनीतमाला निघाली. त्याने १५९४ मध्ये एलिझाबेथ बॉईल हिच्याशी लग्न केले, आणि तिच्या प्रियाराधनाची ही सुनीते आहेत. पंचाहत्तराव्या सुनीतात तो समुद्रकाठी वाळूत तिचे नाव लिहितो आणि लाट ते पुसून टाकते. पुन्हा लिहितो, पुन्हा पुसले जाते. तेव्हा ती त्याला म्हणते की नाशवंताला अमर करू पाहणारा तू वेडा आहेस, मीही अशीच पुसली जाणार. कवी आपले उत्तर देतोच. परंतु मला महत्त्वाचे वाटते ते हे की ह्या वादात प्रेयसीला तोंड फुटले आहे. पेट्रार्कच्या परंपरेत ती बहुधा मुकी असे. आणि येथे ती बोलते ते शहाणपणाचे बोलते.

मिल्टन १६५२ पर्यंत पूर्ण आंधळा झाला होता. १६५६ मध्ये त्याने कॅथरिन वुडकॉकशी लग्न केले आणि १६५८ च्या फेब्रुवारीत ती वारली. आपल्या एका सुनीतात तो मृत पत्नीला स्वप्नात पाहतो. बहुतेकांच्या मते ती हीच. तिच्या चेहऱ्यावर पडदा आहे. आलिंगन देण्यासाठी ती वाकते, तोच त्याला जाग येते, आणि उजाडताच त्याचा अंधार परत येतो. जिचे मुख त्याने जागेपणी कधी पाहिलेच नव्हते, ते स्वप्नातही झाकलेले राहिले! येथे अमरत्वाचा दावा औषधालाही नाही.

एकोणिसाव्या शतकात ही लेखणी स्त्रियांच्याही हाती दिसते. एलिझाबेथ बॅरेट हिने १८४३ साली गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांवर 'द क्राय ऑफ द चिल्ड्रेन' ही कविता लिहिली. चार वर्षांनी, १८४७ मध्ये, पार्लमेंटने कापड गिरण्यांतील स्त्रिया आणि अल्पवयीन कामगार ह्यांच्यासाठी दहा तासांचा कायदा केला. तो एका कवितेने झाला नाही, चळवळीने झाला. पण कामगारांनी हे नाव विसरू नये. हीच बाई आजारपणामुळे लंडनच्या घरात जवळजवळ कोंडलेली होती. चाळिशी जवळ आली होती, आणि आपल्या वाट्याला आता मरणच, अशी तिची समजूत होती. १८४५ मध्ये तिच्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या रॉबर्ट ब्राऊनिंगचे पत्र आले. पुढच्याच वर्षी दोघांनी गुपचूप लग्न केले. त्या दिवसांत तिने चव्वेचाळीस सुनीते लिहिली, ती १८५० साली छापली गेली. पहिल्याच सुनीतात मागून कोणीतरी तिचे केस धरून ओढते. हे मरण असणार असे तिला वाटते, आणि उत्तर मिळते की हे प्रेम आहे. चौदाव्यात ती बजावते की माझे हसणे, माझे बोलणे आवडते म्हणून प्रेम करू नकोस, कारण ते बदलेल. शेक्सपिअर दुसऱ्याच्या रूपाची काळजी वाहत होता. येथे जिच्यावर प्रेम केले जाते तीच आपल्या अटी घालते आहे.

क्रिस्टिना रोझेटीने 'रिमेंबर' हे सुनीत १८४९ साली लिहिले; तेव्हा ती अठरा वर्षांची होती. अष्टकात ती प्रियकराला विनवते की मी गेल्यावर माझी आठवण ठेव. षट्कात मात्र इटालियन पद्धतीचे वळण येते. मध्ये कधी विसरलास आणि मग आठवले, तर खंत करू नकोस. आठवून झुरण्यापेक्षा विसरून हसत राहा. अडीचशे वर्षे कवी काळाकडे स्मृतीची मागणी करीत होते. ह्या मुलीने ती मागणी दुसऱ्याच्या सुखासाठी मागे घेतली.

श्रोतेहो, ही सुनीते वाचून माझ्या मनात एक विचार राहतो. प्रेमाला काळावर विजय नको असतो, त्याला वेळ हवा असतो. पहाटे पाचला कामावर जाऊन रात्री आठला परतणाऱ्या त्या १५६३ च्या मजुरानेही कोणावर तरी प्रेम केले असेल. त्याचे सुनीत आपल्यापर्यंत आले नाही. त्याच्यापाशी जीव कमी होता म्हणून नव्हे. संध्याकाळ त्याच्या मालकीची नव्हती म्हणून. शेक्सपिअर हातमोजे करणाऱ्याचा मुलगा होता, कीट्सचा बाप घोड्यांचा तबेला चालवीत असे. म्हणजे कवित्व काही वाड्यांतच जन्मत नाही. रॉबर्ट ओवेनने दिवसाचे तीन सारखे भाग करून एक कामाला, एक विश्रांतीला आणि एक माणसाच्या स्वतःसाठी मागितला. त्या तिसऱ्या भागात काय करावयाचे असे मालकवर्ग आजही विचारतो. आपल्या माणसाजवळ निवांत बसावे, एवढेही उत्तर पुरेसे आहे. आणि जमल्यास कधी एखादे सुनीत वाचावे.