हातोडीचा दांडा उन्हाळ्यात बसवावा

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी पोतं पसरून लोखंडी सामान मांडलेलं असतं. त्यात हातोड्यांची नुसती डोकी हमखास सापडतात. दांडा केव्हाच गेलेला, अंगावर गंजाचे पापुद्रे, वजनाचा आकडा जेमतेम वाचता येण्याजोगा. गिऱ्हाईक गंज बघतं आणि पुढे सरकतं. माझं सांगणं असं, की गंज सगळ्यात शेवटी बघावा. आधी ते डोकं उचलून उजेडाकडे धरावं आणि दांडा ज्या भोकात बसतो त्या नेढ्यातून आरपार पाहावं. नेढं शाबूत असेल, त्याच्या भिंतीला किंवा तोंडाला खोलवर चीर गेलेली नसेल, तर ती हातोडी खुशाल घ्यावी. बहुतेक गंज एका रात्रीत निघतो. हातोडीचं खरं दुखणं असतं ते लोखंड आणि लाकूड जिथे एकमेकांना भेटतात तिथे.

नेढं वरून पाहिलं तर साधं लांबट भोक वाटतं. पण चांगल्या घडणीच्या हातोडीत ते सरळसोट नसतं. मध्यावर किंचित आवळलेलं आणि वर-खाली दोन्ही तोंडांना पसरलेलं असतं. दांडा खालून आत येतो, मधल्या चिंचोळ्या जागेत घट्ट होतो, आणि वरून पाचर मारली की लाकडाच्या दोन फाका होऊन वरच्या पसरट भागात भरून बसतात. मग डोकं खाली सरकत नाही आणि वरून निसटतही नाही. खिळा नको, डिंक नको. लाकडाची फाक आणि लोखंडाचा उतार यांवरच सगळा भार.

ही युक्ती सुचायला माणसाला वेळ लागला. नागपूरच्या आसपास टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड इथल्या शिळावर्तुळांत पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या. नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. अडीच हजार वर्षांपलीकडच्या या कुऱ्हाडींपैकी कितीतरी सपाट आहेत, त्यांना नेढं नाही. पातं लाकडाला धरून ठेवण्यासाठी वरून लोखंडी पट्ट्या आडव्या-तिडव्या आवळलेल्या दिसतात. लोखंड गाळणं, ठोकणं, धार काढणं या लोकांना उत्तम जमत होतं. पण दांडा बसवायचा प्रश्न त्यांनाही असा बाहेरून बांधून सोडवावा लागला. पुढे नेढं आलं, तरी चालत्या कामात डोकं निसटून उडण्याचं भय संपलं नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, नॉर्विच गावच्या डेव्हिड मेडोल या लोहाराने नेढ्याला खालच्या बाजूला गळ्यासारखी लांबी दिली, म्हणजे दांड्याला आत जास्त पकड मिळाली. त्या एका सुधारणेवर त्याचा मोठा कारखाना उभा राहिला. खिळे उपटायच्या हातोडीला आजही दांड्याच्या बाजूने जो गळा दिसतो, तो याच घडणीचा.

जुन्या हातोडीत मोडक्या दांड्याचा तुकडा अडकून बसलेला असतो. तो काढायला आपल्याकडे सर्रास डोकं चुलीत किंवा शेकोटीत टाकतात. लाकूड जळतं, नेढं मोकळं होतं, आणि हातोडी कायमची बाद होते. कारण हातोडीच्या तोंडाला पाणी दिलेलं असतं: ते तापवून, विझवून कडक केलेलं असतं आणि मग साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसला पुन्हा शेकून त्याचा ठिसूळपणा काढलेला असतो. नेढ्याच्या आसपासचा भाग मात्र मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे धक्का तो सोसतो. लाकडाच्या निखाऱ्यात पोलाद याच्या कितीतरी वर तापतं. तोंडाचं पाणी उतरतं आणि पुढे खिळा ठोकताना तोंडावरच खिळ्याचे खड्डे पडायला लागतात. त्यापेक्षा दांडा डोक्याच्या लगत करवतीने कापावा, आतल्या लाकडाला गिरमिटाने किंवा ड्रिलने दोन-चार भोकं पाडावीत, डोकं व्हाइसच्या उघड्या जबड्यावर उलटं ठेवावं आणि कापलेल्या बाजूने लोखंडी सळईने ठोकावं. पाचरीने लाकूड वरच्या अंगाला फुगलेलं असतं, म्हणून ते त्याच बाजूने बाहेर ढकलायचं. उलट्या दिशेने कितीही ठोकलं तरी ते आवळतच जातं.

बाहेर आलेला तुकडा फेकण्याआधी नीट पाहावा. लोखंडाला टेकलेली त्याची बाजू निळसर काळी पडलेली असते. पुष्कळांना ती कूज वाटते किंवा तेलाचा डाग वाटतो. बाभळीसारख्या लाकडात टॅनिन भरपूर असतं. ओल लागली की ते लोखंडाशी मिळतं आणि असा काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून पूर्वी पोथ्यांची शाई करत, ती याच रसायनावर. म्हणजे तो काळा थर सांगतो, की नेढ्यात पाणी जात होतं. दांडा का मोडला, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

आता गंज. ओलावा आणि प्राणवायू मिळून लोखंडाचा गंज होतो, आणि तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. त्यामुळे नेढं आतून गंजलं की ढिलं डोकंही घट्ट बसल्यासारखं वाटतं. या घट्टपणावर विसंबू नये; दोन चांगले ठोके बसले की गंजाचा भुगा होतो आणि डोकं हलायला लागतं. कोकणात हवेतल्या मिठामुळे काम आणखी अवघड होतं. तिथली हातोडी आधी गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन घ्यावी, नाहीतर वरून साफ दिसली तरी खड्ड्यांच्या तळाशी मीठ राहतं आणि गंज पुन्हा डोकं वर काढतो.

सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशने निघतात. उरलेल्यासाठी मला सायट्रिक ॲसिड, म्हणजे सरबतात घालतात ते लिंबूसत्व, सगळ्यात बरं वाटतं. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम घालून डोकं रात्रभर बुडवून ठेवावं. सकाळी काळपट लगदा झालेला असतो, तो जुन्या टूथब्रशने घासून काढावा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवावं, लगेच पुसून कडक उन्हात किंवा गरम हवेवर वाळवावं आणि गरम असतानाच तेलाचा हात फिरवावा. हे ‘लगेच’ महत्त्वाचं. उघडं पडलेलं लोखंड ओलं राहिलं तर बघता बघता त्यावर नारिंगी झाक चढते. डोकं आम्लात विसरूनही चालत नाही, कारण गंज संपला की आम्ल चांगलं लोखंड खायला लागतं. संडास धुवायचं ॲसिड तर घरात या कामासाठी उघडूच नये. त्याच्या वाफेने खोलीतली इतर हत्यारंही गंजतात आणि छातीलाही ती वाईट. परदेशात जुन्या गाड्या दुरुस्त करणारे उसाच्या मळीत पाणी मिसळून त्यात गंजके भाग आठवडेच्या आठवडे ठेवतात. आपल्याकडे साखर कारखान्यांमुळे मळीला तोटा नाही, पण तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे. हातोडीसाठी तो खटाटोप करण्यात अर्थ नाही.

खोल खड्ड्यांतला गंज पूर्ण निघत नाही, आणि तो घासून सपाट करायच्या मागे लागू नये. तसं केलं तर हातोडीचं अंग झिजतं आणि बनवणाऱ्याचा शिक्का जातो. तिथे हिरडा वापरावा. भीमाशंकर, आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरांत आदिवासी बांधव गोळा करतात तो हिरडा काष्ठौषधीच्या दुकानात सहज मिळतो. त्याची भरड उकळून गाळावी आणि तो काढा ब्रशने लोखंडावर लावावा. त्यातलं टॅनिन गंजाशी मिळतं आणि तपकिरी खड्डे डोळ्यांदेखत निळसर काळे होतात. जुन्या लोखंडी वस्तूंचं जतन करणारे तज्ज्ञही टॅनिक आम्ल वापरतात, त्याचं कारण हेच. वरून तेल मात्र हवंच. अशी काळसर हातोडी मला चकचकीत केलेल्या हातोडीपेक्षा देखणी वाटते, आणि तिचं वयही झाकलं जात नाही.

चकाकीचा मान राखावा तो तांबटांच्या हातोड्यांनी. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम, म्हणजे तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने ठोके उमटवण्याचं काम होतं, तिथे हातोडीच्या तोंडावर बारीक ओरखडा असला तरी तो प्रत्येक ठोक्याबरोबर तांब्यावर उमटतो. म्हणून ती तोंडं आरशासारखी ठेवावी लागतात. खिळे ठोकायच्या हातोडीला तसं गुळगुळीत तोंड उलट त्रास देतं, खिळ्यावरून घसरतं. तिथे एवढंच पाहावं, की ठोकून ठोकून तोंडाची कड बाहेर वळून फाटलेली नाही ना. असली कड कधीही तुकडा होऊन उडते, आणि तो डोळ्यात गेला तर डोळा जातो. ती कानशीने किंवा ग्राइंडरवर उतरवावी, मध्ये मध्ये पाण्यात गार करत. लोखंडावर पिवळा-निळा रंग दिसेपर्यंत तापू देऊ नये, तो पाणी उतरल्याची खूण आहे.

आता दांड्याकडे येऊ. एप्रिल-मेमध्ये घरोघरी हातोडी ढिली होते आणि घरोघरी तिच्यावर एकच उपाय होतो: बादलीत रात्रभर बुडवून ठेवणं. सकाळी डोकं दगडासारखं घट्ट! पण हा उपाय दांड्याचा जीव घेतो. लाकूड ओलं झालं की लांबीत जवळजवळ वाढत नाही, जाडीत फुगतं. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंतच्या प्रवासात लांबीतला फरक हजारात एखादा भाग, तर आडवा फरक शंभरात पाच ते दहा भागांपर्यंत जातो. नेढ्यात फुगायला जागा नसते, चहूबाजूंनी लोखंड असतं. मग फुगणाऱ्या लाकडाचे तंतू स्वतःच चेंगरतात. पाणी सुकलं की लाकूड आकसतं, पण चेंगरलेले तंतू मूळ आकारावर परत येत नाहीत. म्हणून दांडा आधीपेक्षाही बारीक होतो, पुन्हा बुडवावा लागतो, आणि दर खेपेला आणखी ढिला होत जातो. काळा डाग पडतो तोही याच पाण्याने.

मुळात ती एप्रिलमध्येच ढिली का होते? कारण दांडा बहुधा पावसाळ्यात किंवा त्याच्या आगेमागे बसवलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवा ८० टक्क्यांच्या वर दमट असते, एप्रिलच्या दुपारी तीच २०-२५ टक्क्यांवर येते. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड नेढ्यात बसवलं की उन्हाळ्यात ते आकसणारच. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत, लाकूड सगळ्यात बारीक असताना दांडा बसवला, तर पुढे त्याला फक्त घट्ट व्हायचं राहतं. कोकणात मेमध्येही हवा दमट, म्हणून तिथे दांडा आधी चुलीच्या वर उबेला टांगून ठेवावा. सगळ्या दुरुस्तीत मी कशाला सर्वांत जास्त महत्त्व देत असेन तर ते या वेळेला.

लाकूड कोणतं? धामण मिळाली तर सोनं. चिवट आणि लवचीक, हाताला धक्का कमी पोचवते. धावडा आणि तिवसही शेतीच्या अवजारांत मुरलेली लाकडं. पण जंगलातलं झाड दांड्यासाठी तोडू नये. शेताच्या बांधावरची बाभूळ या कामाला उत्तम आहे. सुताराकडे सागाचे तुकडे भरपूर पडलेले असतात, ते मात्र घेऊ नयेत. साग फर्निचरला श्रेष्ठ, ठोके सोसायला कमकुवत. लाकूड करवतीने कापण्याऐवजी कुऱ्हाडीने फाडून घ्यावं, म्हणजे फाट रेषांच्या बाजूनेच जाते. दांड्याच्या अंगावर रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग दिसल्या पाहिजेत. मध्येच कडेला बाहेर पडणाऱ्या रेषेवर तो एक दिवस मोडणार. ओला तुकडा टोकांना शेण किंवा उरलेला रंग लावून सावलीत काही महिने वाळवावा. वाळला का, हे मडकं वाजवून घेतात तसं पाहावं: दोन बोटांत लटकवून टकटक केलं की सुकं, निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, ओलं किंवा चिरलेलं बद्द बोलतं. जुना दांडा धड असेल तर त्याचीही हीच परीक्षा घ्यावी. त्याचं नेढ्यातलं टोक कापून खालचा भाग थोडा तासला की तोच पुन्हा बसतो, बोटभर आखूड होऊन.

बसवण्यात एक पाहण्यासारखी गोष्ट आहे. टोक नेढ्याच्या मापाने तासावं, लांबट बाजूने करवतीची एक चीर नेढ्याच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंत द्यावी, आणि दांडा आत सरकवावा. मग डोक्यावर ठोकायचं नाही. हातोडी हवेत उभी धरावी, डोकं खाली लोंबकळतं ठेवून, आणि दांड्याच्या वरच्या बुडावर लाकडी मोगरीने ठोकावं. डोक्याला कशाचाही आधार नसतो, तरी प्रत्येक ठोक्याला ते दांड्यावर थोडं थोडं वर चढत येतं. जड डोकं जागच्या जागी राहू पाहतं आणि दांडा त्यातून खाली घुसतो, म्हणून असं दिसतं. आवाज बदलून टणक झाला की थांबावं. मग चिरेत सुक्या कठीण लाकडाची पाचर मारावी, वर उरलेलं कापावं, आणि हवी तर एक लोखंडी पाचर तिला तिरपी द्यावी.

शेवटी जवसाचं तेल. विदर्भात पिकणाऱ्या जवसाचं हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन सुकतं, लाकडात मुरून घट्ट होतं. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल तसं सुकत नाही, चिकट राहतं. कापडाने पातळ हात द्यावा, आणि नेढ्याच्या वर उघड्या पडलेल्या टोकाला जास्त पाजावं, कारण ओल तिथूनच सगळ्यात लवकर शिरते. व्हार्निश नको, त्याने घामेजलेला हात सटकतो आणि तळव्याला फोड येतात. तेल लावलेली फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ती दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून अशी एखादी हातोडी निघाली असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. गंज आत्ता काढा, तेल लावा, दांड्याचं लाकूड आत्ताच फाडून सावलीत ठेवा, आणि बसवायला एप्रिलपर्यंत थांबा.