शर्यतीचा बैल द्यावा जाणत्याच्या दावणीला

मार्गशीर्ष सरत आला की पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. रथ निघतो, कृषी प्रदर्शन लागते, जनावरांचा बाजार भरतो आणि बैलगाड्यांच्या शर्यती होतात. त्याच सुमारास माण तालुक्यात म्हसवडची यात्रा होते आणि पौषात सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाची. या यात्रांत खिलार जनावरांचे सौदे पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. नांगराच्या बैलाचा सौदा आपल्याला सवयीचा आहे. दात बघायचे, चालवून बघायचे, किंमत ठरवायची आणि दावे हातात घ्यायचे. शर्यतीच्या बैलाचा सौदा मात्र निराळा. तिथे विकणाराही शौकीन आणि घेणाराही शौकीन. बैल पोराप्रमाणे वाढवलेला असतो, त्यामुळे विकणाऱ्याचा जीव अडकलेला असतो. घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मैदान असते. या दोघांच्या मध्ये खरे बोलणे झाले नाही तर भोगतो बैल. म्हणून आज त्याविषयी चार गोष्टी.

गेल्या हंगामात खटाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने आपला हरण्या तासगावकडच्या एका तरुण शौकिनाला दिला. मी त्या सौद्याला हजर होतो. या शेतकऱ्याने २०१९ साली खरसुंडीच्या पौषी यात्रेत वर्षाचे खोंड घेतले होते. त्या वेळी शर्यती बंद होत्या, म्हणून गावाने त्यांना हसून घेतले. ‘शर्यत न्हाई, काय न्हाई, आन पळणारं खोंड कशाला?’ असे जो तो विचारी. त्यांनी वैरण तोडून खोंड सांभाळले. पुढे मैदाने सुरू झाली आणि चौसा झालेल्या हरण्याने गुलाल आणला. आता बैल जुळलेला, सात वर्षे पुरी झालेला. पळण्याची उमेद अजून दोन-तीन हंगामांची. पण मालकाचे गुडघे गेले, मुलगा पुण्याला नोकरीला, पहाटे बैल फिरवायला माणूस नाही. दावणीला बांधून बैल जड होण्यापेक्षा द्यावा, असे घरात ठरले.

दोन गिऱ्हाइके आली. एक हेडी होता. त्याने शौकिनापेक्षा चाळीस हजार जास्त सांगितले. बैल कुठे जाणार हे मात्र तो सांगेना. दुसरा हा तासगावचा तरुण. त्याने आधी किंमत काढलीच नाही. गोठ्यात खाली बसून त्याने चारही खूर हाताने चाचपले आणि विचारले, ‘आबा, ह्येची खोड काय?’ मालकांनी माझ्याकडे बघितले आणि म्हणाले, ‘सायेब, ह्या पाव्हण्याला बैल द्यायचा.’

खोड आधी, किंमत मागून

मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली आणि तरुणाने ती वहीत उतरवून घेतली. बैल डाव्या अंगालाच जुंपायचा, उजवीकडे घातला तर निम्म्यात पाय सोडतो. मागून गाडीचा भोंगा वाजला की बुजतो आणि चाकोरी सोडून बाहेर ओढतो. पुढच्या उजव्या खुराला एकदा चीर गेली होती. आता भरली आहे, पण कडक मैदानावर पाठोपाठ फेरे झाले की तो पाय उचलून धरतो. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा अंगावर गाठी आल्या होत्या. त्या बऱ्या झाल्या आणि लस दरवर्षी दिली आहे. शेवटचे म्हणजे रात्री एकटा राहिला की वैरण सोडतो. शेजारी कुणीतरी लागते.

वाचकहो, यातली निम्मी वाक्ये किंमत पाडणारी होती. तरी ती बोलली गेली. उलट प्रकारही मी पाहिला आहे. एका बैलाची भोंग्याला बुजण्याची खोड झाकून सौदा झाला. नव्या मालकाने पहिल्याच मैदानात तो जुंपला आणि बैल चाकोरी सोडून माणसांत शिरला. दोघांना लागले, बैलाचा खांदा सोलून निघाला आणि दोन गावांत बोलाचाली बंद झाली. वाचलेले पैसे दवाखान्यात गेले ते वेगळेच. जनावराच्या बाजारात घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, ही जुनी रीत खरी. पण काही खोडी अशा असतात की त्या बघून कळत नाहीत, फक्त ज्याने वाढवला त्यालाच ठाऊक असतात. त्या सांगणे विकणाऱ्याचे काम आहे.

घेणाऱ्यानेही नुसत्या गुलालाच्या गोष्टी ऐकून भुलू नये. दात स्वतः बघा. आदत म्हणजे दुधाचेच दात असलेला, दुसा म्हणजे दोन कायम दात आलेला, चौसा म्हणजे चार. आठही दात आले म्हणजे बैल जुळला. हे साधारण साडेचार ते पाच वर्षांत होते. त्यापुढे वयाचा अंदाज दातांच्या झिजेवरून करावा लागतो आणि तिथे चूक होऊ शकते. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून पाय, खूर, डोळे आणि छाती तपासून घ्या. चालवून बघा, वळवून बघा, थोडे पळवून श्वास किती वेळात खाली बसतो ते बघा.

कानातला बिल्ला आणि कागद

प्रत्येक जनावराच्या कानात आता बारा अंकी बिल्ला असतो आणि त्याची नोंद ‘भारत पशुधन’ या संगणक प्रणालीत होते. आपल्या राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. बैल विकला की दवाखान्यात जाऊन मालकाचे नाव बदलून घ्या. लसीकरणाची नोंदही त्याच क्रमांकावर सापडते. नाव बदलले नाही तर पुढे बैलाचे काही कमी-जास्त झाल्यास विचारणा जुन्या मालकाला होते. विमा असेल तर कंपनीलाही लेखी कळवा.

सौद्याचा कागद साधा असला तरी करा. बाजारात सौदा झाला तर बाजार समितीची पावती घ्या. घरी झाला तर कागदावर तारीख, बिल्ल्याचा क्रमांक, बैलाचे वय आणि खुणा, ठरलेली किंमत, दिलेला इसार आणि सांगितलेल्या खोडी लिहून दोघांच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. नामांकित शर्यतीच्या बैलाच्या किमती लाखांत जातात. अशा वेळी लक्षात ठेवा, एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे. रक्कम बँकेतून घ्या. हरण्याचा सौदा असाच झाला. रुमालाखाली बोटे धरण्याची रीत दोघांनी हौस म्हणून केली, पैसे मात्र बँकेतून आले.

गाडीतून नेताना आणि नव्या दावणीला

बैल गाडीत चढवण्याआधी तो प्रवासाला योग्य असल्याचा दाखला डॉक्टरांकडून घ्या. तळाला वाळू किंवा भरपूर पाचट टाका, म्हणजे पाय घसरणार नाही. दुपारच्या उन्हात नेऊ नका. चढवायला-उतरवायला फळी किंवा बांध बघा. उडी मारायला लावून खूर आणि सांधे दुखावलेले बैल दर हंगामात दवाखान्यात येतात.

नव्या घरी गेल्यावर निदान तीन आठवडे बैल बाकीच्या जनावरांपासून वेगळा ठेवावा. लाळ्या-खुरकूत किंवा लम्पी अंगात असेल तर लगेच दिसत नाही, काही दिवसांनी बाहेर येते. पण हरण्याला एकटे राहवत नव्हते. तासगावच्या तरुणाने त्यावर सोपा मार्ग काढला. गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला वेगळी दावण केली आणि तीन आठवडे स्वतः तिथेच बाज टाकून झोपला. वहीत लिहून घेतले होते म्हणून हे सुचले. नाहीतर बैल वैरण खात नाही म्हणून सुया टोचत बसला असता.

दुसरी गोष्ट खुराकाची. नवा बैल आला की हौसेने भरडा, अंडी, दूध, डाळ असा मारा सुरू होतो. बैलाच्या कोठीपोटात वैरण पचवणारे जिवाणू असतात. ते रोजच्या खाण्याला सरावलेले असतात. एकाएकी धान्याचे प्रमाण वाढवले तर पोटात आम्ल वाढते, रवंथ बंद होते आणि पुढे खुरांना सूज येऊन बैल लंगडतो. खुराक आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. आबांनी बैलाबरोबर त्याच्या रोजच्या कडब्याच्या पेंढ्या आणि भरड्याचे एक पोते गाडीत घातले होते. विकणाऱ्याने एवढे जरूर करावे.

कायदा काय सांगतो

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण शर्यती सुरू व्हायला १६ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. मधल्या सात वर्षांत खिलार पाळणाऱ्यांचे काय हाल झाले ते आपण पाहिले आहेत. मैदान नाही म्हणून गिऱ्हाईक नाही आणि ट्रॅक्टर आल्यामुळे शेतीतही काम नाही. ही परवानगी अटींवर मिळाली आहे. शर्यतीला प्रशासनाची परवानगी हवी, अंतर १००० मीटरपेक्षा जास्त नको, बैलांची डॉक्टरांकडून तपासणी हवी. चाबूक, खिळा, विजेचा झटका असले प्रकार चालणार नाहीत. अटी मोडल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बैल कुणाला देता याचा विचार करताना हेही बघा. मारून पळवणाऱ्याच्या हाती बैल दिला तर बैल जातोच, पण सगळ्यांचे मैदान पुन्हा बंद पडण्याची भीती असते.

आणखी एक. मार्च २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हणजे पळणे थांबलेला बैल शेवटपर्यंत कुणीतरी पोसायचा आहे. हेडी बैल कुठे जाणार ते सांगत नव्हता, तिथे आबांचे मन थांबले ते याच कारणाने. त्यांनी तासगावच्या तरुणाकडून कागदावर एक ओळ लिहून घेतली: बैल पुढे द्यायचा झाला तर पहिला निरोप मला. अशी ओळ प्रत्येकाने लिहून घ्यावी असे मी सुचवतो. ती कोर्टात किती टिकेल हा प्रश्न वेगळा. शौकीन शौकिनाला दिलेला शब्द सहसा मोडत नाही, कारण पुढच्या मैदानात तोंड दाखवायचे असते.

गावच्या कारभाऱ्यांना एक विनंती. सरपंच, पोलिसपाटील, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि यात्रा कमिटीची मंडळी यांनी बाजारात आणि मैदानात कानातला बिल्ला पाहूनच जनावर आत घ्यावे. यात्रेच्या आधी दवाखान्याशी बोलून बिल्ला मारण्याची आणि नाव बदलण्याची सोय बाजाराच्या जागीच करता आली तर शेतकऱ्याचा हेलपाटा वाचतो. पाण्याची आणि सावलीची सोय तर हवीच.

हरण्या गाडीत चढला त्या दिवशी आबांनी घरचे दावे सोडून ठेवून घेतले आणि पाव्हण्याने आणलेले नवे दावे बांधले. आबांच्या घरच्यांनी बैलाला ओवाळले. गाडी वेशीबाहेर गेली तरी आबा दावे हातात धरून उभे होते. मी काही बोललो नाही.

पुढे दोन महिन्यांनी ते मला पंचायत समितीत भेटले. तासगावकडच्या मैदानाला जाऊन आले होते. विचारले, काय झाले? म्हणाले, ‘गटात पयला आला, सेमीला मागं राह्यला. त्येनं फायनलचा हट्ट धरला न्हाई, बैल सोडून सावलीला बांधला. मी जाऊन खूर बघितलं. धड हाय.’

पुसेगाव आणि खरसुंडीच्या बाजारात तुमच्यापैकी कुणी बैल देणार असेल, कुणी घेणार असेल. वही-पेन बरोबर ठेवा. देणाऱ्याने खोडी सांगाव्यात, घेणाऱ्याने त्या लिहून घ्याव्यात. किमतीचे त्यानंतर बघता येते.