आळशांचे उपकार

घरातली निम्मी यंत्रं कष्टाळू माणसांनी बनवली असतील, पण त्यांना कामाला लावलं ते अधीर आणि आळशी मंडळींनी. १९४३ साली अमेरिकेतल्या सांता फे इथे सुट्टीवर असताना एडविन लँड यांनी आपल्या तीन वर्षांच्या लेकीचा फोटो काढला. तिचा लगेच प्रश्न, फोटो आत्ताच का नाही दिसत? बाप शास्त्रज्ञ असूनही निरुत्तर झाला आणि त्याच दिवशी डोकं चालवू लागला. १९४८ च्या नोव्हेंबरात पोलरॉइड कॅमेरा बोस्टनच्या दुकानात विक्रीला आला. मिनिटभरात फोटो हातात! (तो फोटो हवेत हलवून वाळवायची खोड सुरुवातीच्या ओलसर प्रिंट्सपासूनची. १९७२ पासूनच्या बंद चौकटीतल्या फोटोला आत वारा लागतच नाही. उगाच हात दुखवून घेऊ नये.)

या कसोटीवर पहिला डिजिटल कॅमेरा मात्र साफ नापास. कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरने तो १९७५ मध्ये जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, फोटो काळा-पांढरा, बिंदू जेमतेम दहा हजार. फोटो साठवायला साधी कॅसेट, आणि एक फोटो तिच्यावर उतरायला २३ सेकंद! एका कॅसेटवर फोटो ३०च. आकडा सॅसनने मुद्दाम निवडला होता: रोल २४ किंवा ३६ फोटोंचे मिळत, म्हणून मधला. साहेबलोकांनी कौतुक केलं आणि बाहेर बोलू नकोस म्हणून सांगितलं, कारण कंपनीचं पोट फिल्मवर होतं. २०१२ मध्ये त्याच कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

उतावीळपणाचं बक्षीस द्यायचं तर ते फिलिप कान यांना. ११ जून १९९७, कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझचं प्रसूतिगृह. बायको कळा देतेय आणि हे गृहस्थ डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइल वायरींनी एकमेकांना जोडतायत. मुलगी झाली, फोटो निघाला आणि दोन हजारांहून जास्त ओळखीच्यांकडे थेट पोचला. आज नातेवाइकांच्या ग्रुपवर बाळाचे चाळीस फोटो एकदम येऊन आदळतात, त्याचं मूळ हे.

धीर धरणारेही होतेच म्हणा. आपले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले आणि कुंडीत वाटाणा पेरून बसले. रोज थोडं थोडं चित्रण करत त्यांनी त्या रोपाची वाढ मिनिटभराच्या पट्टीत बसवली. हल्ली फोनमध्ये ‘टाइमलॅप्स’ नावाचं बटण असतं ना, तेच. फक्त इथे बटणाच्या जागी स्वतः फाळके होते. ही पट्टी दाखवून त्यांनी सिनेमासाठी पैसा उभा केला.

सोनीच्या मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात गाणी ऐकायची होती, पण जड टेपरेकॉर्डर कोण वागवणार? त्यातून जुलै १९७९ मध्ये वॉकमन आला. पहिल्या मॉडेलला हेडफोनची भोकं दोन होती, कारण एकट्यानेच गाणी ऐकणं असभ्य वाटेल अशी कंपनीला धास्ती होती!

पण आळसाचा खरा महामेरू म्हणजे टीव्हीचा रिमोट. शिकागोच्या झेनिथ कंपनीने १९५० च्या पहिल्या रिमोटचं नावच ‘लेझी बोन्स’ ठेवलं, म्हणजे आळशी. त्याची वायर खोलीभर लोळायची आणि माणसं अडखळायची. मग १९५५ मध्ये युजीन पॉली यांचा ‘फ्लॅशमॅटिक’ आला. पिस्तुलासारखी टॉर्च टीव्हीच्या चार कोपऱ्यांपैकी एकावर रोखायची आणि चाप ओढायचा. जाहिरातींचा आवाज बंद करायची सोय त्यात होती, कारण कंपनीच्या मालकालाच जाहिरातींचा तिटकारा होता. घोळ एवढाच, की खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपला आपण चॅनेल बदले.

व्हिएन्नात जन्मलेल्या रॉबर्ट ॲडलर यांनी पुढच्याच वर्षी ध्वनी वापरला. बटण दाबलं की आतली चिमुकली हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची. त्यातून माणसाला ऐकू न येणारा नाद निघायचा आणि टीव्ही तो बरोबर हेरायचा. या रिमोटला सेल नव्हतेच. सेल संपले तर गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला असं समजेल, ही विक्री विभागाची भीती. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी कधी कधी चॅनेल बदलायचं, पण ही ध्वनीची युक्ती ऐंशीच्या दशकापर्यंत टिकली. माझ्या मते या सगळ्यांत अक्कलहुशारीचा पहिला नंबर हिचाच.

हल्लीच्या बहुतेक रिमोटमध्ये इन्फ्रारेड किरण असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, फोनच्या कॅमेऱ्याला मात्र दिसतात. तेव्हा रिमोट रुसला की त्याच्या पाठीत धपाटे घालू नका. फोनचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठणठणीत, दुखणं टीव्हीत. मागच्या कॅमेऱ्यातून दिसला नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यातून बघा; तो अशा किरणांना सहसा कमी अडवतो. काही स्मार्ट टीव्हींचे रिमोट ब्लूटूथवर चालतात, त्यांना ही परीक्षा लागू नाही. बाकीच्यांत ठिपका दिसलाच नाही, तर आधी सेल बदला, आणि मगच नव्या रिमोटसाठी खिशात हात घाला.