लहान अतिथिगृहाचे वेगळेपण

गोव्यात प्रवाशाला उतरण्यास जागा देणे हा आता केवळ किनाऱ्यावरील गावांचा व्यवसाय राहिलेला नाही. सत्तरी, सांगे, धारबांदोडा या अंतर्भागातील तालुक्यांतही जुन्या घराच्या दोन-चार खोल्या नीटनेटक्या करून त्या पाहुण्यांना देणारी कुटुंबे आढळतात. या कुटुंबांपुढील प्रश्न साधा आहे : मोठमोठी हॉटेले असताना आपल्याकडे कोणी का यावे? याचे उत्तर सापडले नाही, तर घर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने बाहेरच्या व्यावसायिकाच्या हाती जाते आणि वाडवडिलांच्या वास्तूचे उत्पन्न घरच्यांना पारखे होते.

या बाबतीत एका मोठ्या हॉटेलाचेच उदाहरण बोलके आहे. पोर्तुगीजांनी १६१२ मध्ये पुरा केलेल्या आग्वाद किल्ल्याच्या तटाशी, सिकेरी येथे, १९७४ साली ताज समूहाचे हॉटेल सुरू झाले. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुलातील शासनप्रमुखांची अनौपचारिक बैठक तेथे भरली. उत्तम खोल्या व खानपान अन्य शहरांतही मिळत होते. परंतु तो तट आणि त्याखालचा समुद्र दुसरीकडे उभारता येण्याजोगा नव्हता. जाहिरातीत नेमके तेच पुढे ठेवले गेले.

अंतर्भागातील घराने किनाऱ्यावरील हॉटेलाची नक्कल करू नये, ती यासाठीच. धारबांदोडा तालुक्यातील घराजवळ तांबडी सुर्ल येथील कदंबकालीन महादेव मंदिर आहे. फोंड्याकडील घरामागे सुपारी, मिरी व जायफळाचे कुळागर आहे. श्रावणात हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या, जेवणात सोलकढी, सकाळी कुळागरातून फेरफटका आणि झाडांची नावे सांगणारे घरचे कोणी वडीलधारे माणूस, एवढे माहितीपत्रकात सरळ शब्दांत लिहावे. ‘पंचतारांकित सेवा’ असे शब्द तेथे घालण्याची हौस अनेकांना असते. त्याने हसू तेवढे येते.

जे नाही तेही आधीच सांगावे. पावसाळ्यात दूधसागर धबधबा भरून वाहतो, परंतु कुळे येथून तेथवर जाणाऱ्या जीपगाड्या त्या काळात बंद असतात. हे न सांगता धबधब्याचे छायाचित्र छापले, तर फसल्याची भावना घेऊन परतलेला पाहुणा दहाजणांना तसे सांगतो, आणि आता तो ते संगणकावर लिहूनही ठेवतो.

व्यवस्थापनात हिशेबाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या पुन्हा विकता येत नाही. म्हणून भाडे उतरवून खोल्या भरण्याचा मोह होतो. सहा खोल्यांचे घर घेऊ. तीस दिवसांत १८० खोली-रात्री उपलब्ध होतात. १,५०० रुपये भाड्याने त्यांपैकी १०८ गेल्या, तर घर ६० टक्के भरले आणि १,६२,००० रुपये आले. भाडे १,००० रुपयांवर आणल्याने १३० रात्री गेल्या, तर घर ७२ टक्के भरलेले दिसेल, पण जमा होतील १,३०,००० रुपयेच. वर चादरींची धुलाई, वीज व राबणूक वाढेल ती वेगळीच. जून ते सप्टेंबर या मंदीच्या काळात सरसकट भाडे उतरवण्यापेक्षा तीन रात्री राहणाऱ्यास एक जेवण घरचे देणे अधिक परवडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पाहुणा गावात जास्त काळ राहिला, की रिक्षावाला व भाजीवाली यांनाही चार पैसे मिळतात.

पावसाळ्यातील खरा शत्रू म्हणजे ओल. कुबट वास येणाऱ्या गादीपुढे पातोळ्यांचे काही चालत नाही. उघडीप मिळताच गाद्या उन्हात घालाव्यात, कपाटे उघडी ठेवावीत, खिडक्यांना डासांची जाळी असावी आणि वीज गेल्यास काय व्यवस्था आहे हे पाहुण्यास पहिल्याच संध्याकाळी दाखवावे.

पाहुणे ठेवण्यापूर्वी ‘गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा, १९८२’ अन्वये पर्यटन खात्याकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. विदेशी पाहुणा उतरल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत संबंधित नोंदणी अधिकाऱ्यास कळवावी लागते. यासाठी घरातील लिहित्या मुलाने वा मुलीने आगमनाची वही रोजच्या रोज भरावी. पारपत्राची प्रत पाहुणा सामान खोलीत ठेवण्याआधीच मागून घेणे सोयीचे ठरते.