कॉम्प्युटर म्हातारा झालेला नव्हता!

रायपूरच्या गुढियारी भागात माझी धाकटी बहीण राहते. किराण्याच्या जुन्या घाऊक बाजारामुळे हा भाग ओळखला जातो. मध्यंतरी तिच्याकडे गेलो, तर भाची रडवेली होऊन कॉम्प्युटरपुढे बसलेली. प्रवेश-अर्जाची मुदत त्याच रात्री बारा वाजता संपत होती आणि इकडे नावाची अक्षरे उमटायला पाच-पाच सेकंद लागत होते. फोटो तर चढतच नव्हता.

"मामा, दुरुस्तीवाले दादा म्हणाले, मशीन म्हातारं झालंय. नवीनच घ्या."

नवीन घ्या म्हणजे चाळीस हजारांची चाट! मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडला. त्यातल्या 'सीपीयू' या शब्दावर क्लिक केले की सर्वांत जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो. वर होता व्हिडिओचे रूपांतर करणारा प्रोग्रॅम. भाचा मावसबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ मोबाइलसाठी तयार करत होता. "लवकर व्हावं म्हणून मी त्याची प्रायॉरिटी हाय केलीय," तो अभिमानाने म्हणाला.

चोर सापडला! बाजारातला धान्याचा काटा आठवा. पोती अनेकांची, काटा एक, आणि कोणाचे पोते आधी हे मापाडी ठरवणार. कॉम्प्युटरचा प्रोसेसर म्हणजे हा काटा आणि विंडोजमधला 'शेड्युलर' म्हणजे मापाडी. तो प्रत्येक कामाला काही मिलिसेकंद देतो आणि पुढच्याला बोलावतो. हे इतक्या वेगाने चालते की सगळी कामे एकदमच चालली आहेत, असे आपल्याला वाटते. (हल्लीच्या प्रोसेसरमध्ये दोन, चार, आठ काटे असतात, पण व्हिडिओचे काम ते सगळेच अडवून बसते.)

विंडोजमध्ये अग्रक्रमाच्या 0 ते 31 अशा 32 पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवरच्याची पोती संपेपर्यंत खालचा ताटकळतो. टायपिंगला खरे तर निमिषभर काटा पुरतो, पण तेवढाही मिळेना. उपाशी कामाला विंडोज दर काही सेकंदांनी जरा पुढे ढकलते, म्हणून अक्षरे थांबून थांबून, झुंडीने येत होती.

'डिटेल्स'मध्ये त्या प्रोग्रॅमवर उजवे क्लिक करून 'सेट प्रायॉरिटी'त 'बिलो नॉर्मल' निवडले. अक्षरे पटापट उमटू लागली. 'रिअलटाइम'च्या वाटेला मात्र जाऊ नका, सगळा कॉम्प्युटरच गोठू शकतो. आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की ही नेमणूक सहसा पुसली जाते, हेही ध्यानात ठेवा. सीपीयू मोकळा असूनही मशीन रखडत असेल, तर शेजारचे 'मेमरी' आणि 'डिस्क' हे रकाने पाहा. तिथे शंभराच्या घरात आकडा दिसला तर खर्च अटळ असू शकतो.

या मापाड्यावरून मोठमोठ्या तज्ज्ञांतही वाद झाले आहेत. ऑस्ट्रेलियातले कॉन कोलिवास हे पेशाने भूलतज्ज्ञ डॉक्टर. लिनक्स घरच्या कॉम्प्युटरवर अडखळते, म्हणून ते स्वतः प्रोग्रॅमिंग शिकले आणि सर्व कामांना न्याय्य वाटा देणारा शेड्युलर त्यांनी लिहिला. 2007 मध्ये लिनक्सने मात्र इंगो मोल्नार यांचा शेड्युलर स्वीकारला. न्याय्य वाट्याची कल्पना कोलिवास यांच्या कामावरून सुचल्याचे मोल्नार यांनी मान्य केले, तरी डॉक्टर खट्टू होऊन बाजूला झाले. दोन वर्षांनी ते नवा शेड्युलर घेऊन परतलेही! मोल्नार यांच्या शेड्युलरची जागा 2023 मध्ये आणखी नव्या पद्धतीने घेतली.

भाचीचा अर्ज अकराच्या आतच गेला. भाचा थोडा फुगून बसला होता, पण त्याचा व्हिडिओही सकाळच्या चहापर्यंत तयार झाला. त्यात मी तीनदा दिसतो, तिन्ही वेळा जेवताना.